कळसापासून पायरीपर्यंत : देवालयाची वास्तू आणि इतर कला

पुणे शहराच्या जुन्या पेठांतून देवदर्शनास निघालेल्या भाविकास देवळाची पहिली ओळख होते ती कळसाने. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंस घरे आणि दुकाने, महाद्वार कुठेतरी वळणाआड. परंतु छपरांच्या वर शिखराचे टोक दिसले की हात आपोआप जोडले जातात. चालत्या बसमधील प्रवासीही असा नमस्कार करताना दिसतात. वृद्धत्व, आजारपण किंवा गर्दी यांमुळे ज्यांना गाभाऱ्यापर्यंत जाणे शक्य नसते, त्यांचे कळसदर्शन हेही दर्शनच मानण्याची आपली परंपरा आहे. आषाढीस पंढरपुरी येणाऱ्यांपैकी असंख्य वारकरी कळसास हात जोडून समाधानाने परततात.

मराठी भाषेनेही हा कळस केव्हाच आपलासा केला आहे. एखाद्या कार्याची परिपूर्ती झाली म्हणजे त्यावर कळस चढला असे आपण म्हणतो. आरंभास पाया घालणे म्हणतो. संस्थेचा भार वाहणारा मनुष्य तिचा आधारस्तंभ ठरतो. घराच्या भिंतीत दिवा ठेवण्यासाठी केलेल्या लहानशा कोनाड्यास देवळी असे नाव आहे. पाथरवट आणि गवंडी यांच्या बोलण्यातील हे शब्द साहित्यात येऊन रुळले. देवालयाने भाषेला शब्द दिले, आणि त्याहून मोलाची अशी एक गोष्ट दिली, ती म्हणजे मांडणीची रीत. बाहेरून आत कसे जावे, खालून वर कसे चढावे, कोठे थांबावे आणि शेवट कोठे करावा, हे कवींनी, कीर्तनकारांनी आणि नाटकवाल्यांनी देवळाकडे पाहून ठरविले. याची उदाहरणे पुणे परिसरात आणि महाराष्ट्रात पुष्कळ आढळतात. त्यांपैकी काहींचा परिचय भाविकांसाठी येथे करून देण्यात येत आहे.

शास्त्रग्रंथांची साक्ष प्रथम थोडक्यात पाहू. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र नावाचा राजा मार्कंडेय ऋषींना देवाची मूर्ती कशी घडवावी असे विचारतो. ऋषी सांगतात की, चित्रकला जाणल्यावाचून मूर्तिकला कळणार नाही. चित्रासाठी नृत्य जाणावे लागते, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. मूर्ती घडविण्यास निघालेला राजा अशा रीतीने गाण्यापाशी येऊन पोहोचतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय तर सबंध नाट्यमंडपाच्या बांधणीवरच आहे. भूमीची परीक्षा, मापनाचे सूत्र, स्तंभांची स्थापना आणि त्या वेळचे विधी असा सर्व तपशील त्यात येतो. मापन चालू असताना सूत्र तुटणे हा मोठा अपशकुन मानला आहे. ते सूत्र धरणारा तो सूत्रधार. हाच शब्द देवळे बांधणाऱ्या मुख्य कारागिरासही लावला जात असे आणि नाटकाचा आरंभ करणाऱ्या पात्रासही. देवळाच्या मंडपास रंगमंडप म्हणत, आणि पुण्यात १९६८ साली बालगंधर्वांच्या नावे नाट्यगृह उभे राहिले तेव्हा त्यास रंगमंदिर म्हणण्यात आले. याच जंगली महाराज मार्गावर, रंगमंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, राष्ट्रकूट काळातील पाताळेश्वराचे लेणे आहे. काळ्या पाषाणात खोदलेला तेथील वर्तुळाकार नंदीमंडप पाहणाऱ्यास दोन्ही वास्तूंचे नाते वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु देवालयाचा नमुना समोर ठेवून केलेली सर्वांत पूर्ण रचना पाहावयाची असेल, तर ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाकडे वळले पाहिजे. आळंदीस समाधीच्या दर्शनासाठी जाणाऱ्या पुष्कळ भाविकांना हा अध्याय कलशाध्याय म्हणून ठाऊक असतो. कलश हा शब्द मात्र आपण बहुधा गौरवाचे विशेषण म्हणून घेतो. ज्ञानेश्वर महाराजांनी तो पाथरवटाच्या अचूकपणाने वापरला आहे.

महाराज या अध्यायाच्या आरंभी म्हणतात की, गीता हा एक प्रासाद, म्हणजे देवालय आहे आणि अठरावा अध्याय त्याचा कळस आहे. दुरून कळस दिसला तरी देवतेची भेट झाल्यासारखेच होते. त्याप्रमाणे हा एक अध्याय पाहिला असता सगळी गीता पाहिल्यासारखे होते. शिवाय कळस चढल्यावर देवळाचे काही काम उरत नाही, म्हणून गीताही येथे संपते. इतके सांगून थांबले असते तरी उपमा शोभली असती. महाराज पुढे सबंध बांधकामच उभे करतात. व्यास हे या कामाचे सूत्रधार. त्यांनी वेदांच्या पर्वतावर उपनिषदांच्या अर्थाची खाण फोडली. खाणीतून धर्म, अर्थ आणि काम यांचा जो अपार राडारोडा निघाला, तो त्यांनी टाकून दिला नाही. त्याचा महाभारतरूपी कोट सभोवार घातला. मधला निवडक, निखळ असा आत्मज्ञानाचा दगड काढून त्यावर श्रीकृष्ण आणि अर्जुन यांच्या संवादाची कलाकुसर केली. मग देवालय चढू लागले. पहिले पंधरा अध्याय या त्याच्या पंधरा भूमी. सोळावा अध्याय म्हणजे शिखराची ग्रीवा, अर्थात गळ्याचा भाग. सतरावा म्हणजे कळसाची बैठक. त्यावर अठराव्याचा कळस, आणि कळसावर व्यासांच्या नावाचा ध्वज.

यातील भूमी हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. वाचणारा त्याचा अर्थ मजला असा करून पुढे जातो, आणि तो चूकही नाही. पण महाराजांच्या काळी महाराष्ट्रात जी देवळे बांधली जात, त्यांतील एका प्रमुख शैलीचे नावच भूमिज असे आहे. या शैलीच्या शिखरावर, उभ्या पट्ट्यांच्या मधल्या भागात, लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळीने बसविलेल्या असतात. एका ओळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, वर जाताना लहान होत जाणारी. अशा प्रत्येक आडव्या ओळीस भूमी म्हणतात. १०६० सालचे अंबरनाथचे शिवमंदिर आणि यादव काळातील सिन्नरचे गोंदेश्वर ही या शैलीची ठळक उदाहरणे होत. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये, देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवांच्या राज्यात, नेवासे येथे सांगितली गेली. तेथे बसलेल्या श्रोत्यांनी अशी शिखरे पाहिलेली होती, आणि पंधरा भूमी, त्यावर ग्रीवा, त्यावर बैठक असे ऐकताना त्यांच्या डोळ्यांपुढे ओळीमागून ओळ चढत गेली असेल. मूळ गीतेत अध्यायांना असा क्रम दिलेला नाही. ही मांडणी महाराजांची, आणि ती त्यांना देवळाने दिली.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने यवतजवळ वळून जाता येणारे भुलेश्वर हे यादवकालीन देवस्थान या दृष्टीने अवश्य पाहावे. मूळ शिखर तेथे राहिलेले नाही; वरचे चुनेगच्ची बांधकाम उत्तरकालीन आहे. मात्र आतल्या भिंतींवरील कोरीव काम पाहिले म्हणजे ज्ञानेश्वरीत दृष्टान्तामागून दृष्टान्त का येत राहतात, याचा थोडा उलगडा होतो. त्या काळच्या कारागिरास दगडाचा हातभर भाग कोरा सोडवत नसे.

प्रासाद पूर्ण झाल्यावर महाराज दर्शनास येणाऱ्यांचे वर्णन करतात, आणि यात्रेकरूंच्या दृष्टीने हा भाग सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. कोणी गीतेचा नुसता पाठ करतात. ते देवळाला बाहेरून प्रदक्षिणा घालणारे. कोणी श्रवण करतात. ते देवळाच्या सावलीत बसणारे. कोणी एकाग्र चित्ताचा विडा घेऊन अर्थज्ञानाच्या गाभाऱ्यात शिरतात. यांत मोठा कोण आणि लहान कोण, असा प्रश्न मनात येतो. महाराजांचे उत्तर असे की, थोरामोठ्यांच्या घरच्या पंगतीत वरच्या आणि खालच्या पानावर एकच पक्वान्न वाढले जाते. मोक्षाच्या या प्रासादातही तिघांना सारखेच मिळते. प्रदक्षिणेची वाट, मंडपाची सावली आणि गाभारा हे देवळाचे तीन भाग. त्यांतून वाचकांचे तीन प्रकार सुचले, आणि तिघांना एका पंगतीस बसविण्याची सोयही त्याच वास्तूने करून दिली.

चारशे वर्षांनंतर हीच कल्पना दुसऱ्या अंगाने पुढे आली. तुकाराम महाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई यांच्या नावे असलेल्या एका सुप्रसिद्ध अभंगात संपूर्ण वारकरी संप्रदाय हीच एक इमारत मानली आहे. ज्ञानदेवांनी तिचा पाया घातला, नामदेवांनी विस्तार केला, एकनाथांनी खांब दिला आणि तुकाराम कळस झाले, अशी ती कल्पना. महाराष्ट्रात हा अभंग ठाऊक नसलेला भाविक विरळा. ज्ञानेश्वर महाराजांनी ग्रंथाचे देऊळ केले, बहिणाबाईंनी माणसांचे केले. पाया घालणारा आणि कळस चढविणारा यांच्यामध्ये साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे, तरी काम एकच. जुनी देवळेही पिढ्यानुपिढ्या अशीच पूर्ण होत असत.

कळसाविषयी एक कथा येथे सांगण्यासारखी आहे. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली खोदलेले आहे. म्हणजे तेथे शिखर आधी आणि पाया नंतर. या नवलाची कथा कृष्ण याज्ञवल्की यांच्या कथाकल्पतरू या जुन्या मराठी ग्रंथात आली आहे. एलापूरचा राजा आजारी पडला. माणिकावती राणीने शिवाला नवस केला की, राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचे शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला, परंतु शिखर होण्यास कित्येक महिने लागतील असे कारागीर म्हणू लागले. तेव्हा कोकस नावाच्या स्थपतीने आठवड्याच्या आत शिखर दाखविण्याचे वचन दिले आणि डोंगराच्या माथ्यापासून कामास आरंभ केला. कथेत इतिहास किती हे अभ्यासकांनी ठरवावे. लेण्याच्या खोदाईची पद्धत पाहून कोणाला तरी ही उपाशी राणी सुचली, आणि वास्तूतून आख्यान जन्मास आले, एवढे मात्र उघड आहे.

आख्यान म्हटले की कीर्तन आले. पुण्यात नारदीय कीर्तनाची परंपरा मोठी असून सदाशिव पेठेतील नारद मंदिरात आजवर कीर्तनकारांच्या अनेक पिढ्या तयार झाल्या आहेत. नारदीय कीर्तनात आरंभी नमन, मग मूळ पद आणि त्याचे निरूपण हा पूर्वरंग, मध्ये नामगजर, त्यानंतर आख्यानाचा उत्तररंग आणि शेवटी आरती. महाद्वाराशी वाकून आत येणे, मंडपात बसणे, अंतराळात घंटा वाजविणे आणि गाभाऱ्यापुढे उभे राहणे, हा दर्शनाचा क्रम याच्याशेजारी ठेवून पाहावा. आवाजाचेही तेच. सनई-चौघडा नगारखान्यात, म्हणजे द्वारावर, गावाला ऐकू जाईल असा. टाळ-मृदंग मंडपात. घंटेचा एकच टोल गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर. आत मंत्र, आणि तेही हलक्या आवाजात. कोणते वाद्य कोठे वाजवावे हे जणू वास्तूच सांगते.

ही देवाणघेवाण एकेरी नाही. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीच्या देवळाचे काम भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये सुरू केले आणि १७७० मध्ये तेथे मूर्तीची स्थापना झाली. तीन सोंडांचा हा गजानन मोरावर बसलेला आहे. देवळाच्या काळ्या पाषाणातील दर्शनी भागावर साखळदंडांनी गेंड्यास बांधणारे गोरे शिपाई कोरलेले आहेत. १७५७ मध्ये इंग्रजांनी बंगाल घेतल्याचा तो निर्देश असावा, असे जाणकार मानतात. शाहिराने पोवाड्यात गावी अशी ताजी वार्ता येथे पाथरवटाने दारावर सांगितली! संस्कृत आणि फार्सी असे दोन्ही भाषांतील शिलालेख याच देवळात आहेत. गणेशोत्सवात तर सारे पुणेच काही दिवस शिल्पशाळा होते. श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टने २०२३ मध्ये अयोध्येच्या श्रीराम मंदिराची आणि २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील जटोली शिवमंदिराची प्रतिकृती उभारली होती. रोषणाईच्या झगमगाटात बांधणीकडे लक्ष जाणे कठीण असते. तरी ज्यांना शक्य असेल त्यांनी अशी सजावट एकदा दिवसाउजेडी पाहावी.

आता एका अडचणीच्या विषयाकडे वळणे भाग आहे, कारण ही पुस्तिका देणगीदारांच्याही हाती पडते. पेशवेकालीन देवळांची शिखरे पुष्कळदा विटांची आणि चुनेगच्चीची आहेत. शिखराच्या कोनाड्यांतून देवदेवता, ऋषी, द्वारपाल अशा चुन्यात घडविलेल्या मूर्ती असतात. या मूर्तींचे नाक-डोळे बोटभर जाडीच्या चुन्यात कोरलेले. त्यांवर दर काही वर्षांनी तैलरंगाचा एक हात दिला की प्रथम बोटांची नखे बुजतात, मग दागिन्यांची नक्षी, मग चेहरा. शिवाय चुना आणि दगड यांतील ओल बाहेर पडण्यास वाट लागते. तैलरंग किंवा सिमेंट ती वाट बंद करते. ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांनंतर रंगासह चुन्याचा पापुद्राच सुटून येतो. रंग देणाऱ्याची भावना निर्मळ असते, यात शंका नाही. नुकसान तरीही होते.

सभामंडपातील गुळगुळीत फरशांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्या स्वच्छतेस सोयीच्या, म्हणून दात्यांची त्यांना पसंती असते. परंतु लाकडी खांब, लाकडी तक्तपोशी आणि चुन्याच्या भिंती असलेल्या जुन्या मंडपात कीर्तनकाराचा शब्द स्वच्छ ऐकू येत असे, कारण लाकूड व चुना आवाज काही अंशी शोषून घेतात. भिंतींना खांद्यापर्यंत चकचकीत फरशा लावल्या की तोच शब्द घुमू लागतो, एकात एक मिसळतो. मग ध्वनिवर्धक लावावा लागतो आणि घुमारा आणखी वाढतो. फरशी बसवून कीर्तन बिघडले, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. दोष बिचाऱ्या कीर्तनकारास मिळतो.

उलट दिशेने जाता येते, हे पंढरपूरने दाखविले. श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या संवर्धनासाठी मार्च ते जून २०२४ या काळात पदस्पर्श दर्शन थांबविण्यात आले होते. अलीकडच्या काळात बसविलेल्या फरशा त्या वेळी काढण्यात आल्या आणि गाभाऱ्याचा जुना दगड पुन्हा उघडा झाला. काम चालू असताना फरशीखाली एक तळघर सापडले व त्यातून दगडी मूर्ती निघाल्या. इतके दिवस दर्शन बंद ठेवणे ही वारकऱ्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

अशा कामांसाठी दिलेली देणगी डोळ्यांत भरत नाही, ही मोठीच अडचण आहे. जुना रंग हलक्या हाताने उतरविणे, चुना भिजवून, मळून पूर्वीच्या रीतीने गिलावा करणे, गळणारी पन्हळ दुरुस्त करणे, सागवानी खांबाच्या बुंध्याशी लागलेली वाळवी काढणे या कामांवर नाव कोठे लिहिणार? नवी कमान दिली तर तीवर मोठ्या अक्षरांत नाव येते. कोणत्याही देवस्थानास देणगी देण्यापूर्वी भाविकांनी तेथील कार्यालयात, दुरुस्तीचे कोणते काम अडले आहे, एवढे विचारले तरी पुष्कळ होईल. चुन्याचे काम जाणणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. त्यांना काम मिळत राहिले तरच त्यांची मुले ते शिकतील.

नावाचा विषय निघाला म्हणून नामदेव महाराजांचे स्मरण होते. पंढरपूरच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे. संतांचे चरण आपल्यावर पडावेत म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. बहिणाबाईंच्या अभंगात देवळाचा विस्तार करणारा हा कवी स्वतः देवळाचा सर्वांत खालचा दगड झाला. वारकरी त्या पायरीवर पाय न ठेवता तिला हात लावून पुढे जातात. अनेक जुन्या क्षेत्रांच्या ठिकाणी पायऱ्यांवर दात्यांची नावे कोरलेली आढळतात, त्यामागेही नामदेवरायांचाच कित्ता असावा. त्या नावांवरून भाविकांची पावले शेकडो वर्षे जात आली आहेत, आणि त्यांतील पुष्कळ अक्षरे आता वाचता येत नाहीत.